भिंतीवरची बजरीगरची विष्ठा काढताना
आपण नव्यानेच बजरीगरची (लहान पाळीव पोपटांची) जोडी पाळली आहे, म्हणून सांगतो: भिंतीवर वाळलेली विष्ठा कोरडीच खरवडू नये, कारण तिची धूळ श्वासात जाते आणि पोपटवर्गीय पक्ष्यांपासून माणसाला होणारा सिटॅकोसिस हा आजार अशाच धुळीतून पसरू शकतो. विष्ठेतला पांढरा भाग म्हणजे युरिक आम्ल. ते पाण्यात फारसे विरघळत नसल्यामुळे घासण्यापेक्षा भिजवण्यावर भर द्यावा. कोमट पाण्यात भांड्यांच्या लिक्विड साबणाचे दोन-तीन थेंब टाकून, त्यात बुडवून पिळलेले फडके डागावर ५-१० मिनिटे दाबून ठेवले, की थर मऊ होतो आणि जुन्या एटीएम कार्डाच्या कडेने अलगद उचलता येतो. मात्र हे ऑइल पेंटला किंवा धुता येणाऱ्या इमल्शनला लागू आहे. साध्या डिस्टेंपरवर इतके पाणी गेले, तर डागाबरोबर रंगही फडक्यावर येतो (आमच्या बैठकीच्या खोलीतला फिकट चट्टा आजही त्याची साक्ष देतो), तेव्हा आधी एखाद्या कोपऱ्यात करून पाहावे. फिनाइल किंवा ब्लीच पिंजऱ्याजवळ वापरू नये. उग्र वाफा पक्ष्यांना माणसापेक्षा फार लवकर बाधतात. पिंजऱ्यामागे अ‍ॅक्रिलिकची पारदर्शक शीट लावलीत, तर हा खटाटोप बराच कमी होईल.