संगणक शंकासमाधान : ॲरेबाहेर पडलेली डिस्क आणि आत राहिलेली आजारी डिस्क

प्रश्न : संपादक महोदय, सप्रेम नमस्कार. माझ्या घरच्या संगणकात प्रत्येकी ४ टेराबाइटच्या ४ हार्ड डिस्क असून लिनक्सवर त्यांचा ‘रेड ५’ ॲरे (एखादी डिस्क बिघडली तरी मजकूर शाबूत राहावा म्हणून केलेला डिस्कचा एकत्रित गट) केलेला आहे. आमच्या गावच्या वाचनालयाची १९५६ पूर्वीची इतिवृत्ते, मोडीतील काही कागद आणि सप्ताहातील भजनांची ध्वनिमुद्रणे त्यावर साठवली आहेत. मूळ कागदांपैकी बरेच वाळवीने खाल्ले. वळवाच्या पावसात वीज वारंवार गेली-आली, आणि त्यानंतर संगणक सुरू केला तेव्हा चौथी डिस्क ॲरेतून बाहेर पडलेली दिसली. उरलेल्या तिन्हींवर काम चालत असल्यामुळे मी आठवडाभर नवे कागद स्कॅन करत राहिलो. आता फाइल उघडताना संगणक अडकतो आणि दुसऱ्या डिस्कच्या नावाने वाचनदोष नोंदले जातात. ‘स्मार्ट’ अहवालात (डिस्कने स्वतःच्या प्रकृतीची ठेवलेली नोंद) चौथ्या डिस्कचा १९९ क्रमांकाचा आकडा बराच वाढलेला असून ५, १९७ व १९८ या क्रमांकांपुढे शून्य आहे. दुसऱ्या डिस्कच्या १९७ क्रमांकापुढे ४८ आहे. बेळगावातील एका दुरुस्तीवाल्यांनी चौथी डिस्क बदलून रीबिल्ड करण्यास, म्हणजे तिचा मजकूर नव्या डिस्कवर पुन्हा उभा करण्यास, सांगितले आहे. नवी डिस्क आणली आहे. रीबिल्ड सुरू करावे का?
— एक निवृत्त शिक्षक, ता. खानापूर

उत्तर : नाही, कृपया रीबिल्ड सुरू करू नका. हे उत्तर वाचेपर्यंत संगणक चालू असेल तर तो रीतसर बंद करावा आणि त्या ॲरेवर यापुढे एकही नवी फाइल लिहू नये. आपण आकडे नेमके कळवलेत, त्यामुळे दोष कुठे आहे हे बरेचसे स्पष्ट होते.

१९९ हा आकडा डिस्क आणि मदरबोर्ड यांच्यामधल्या वहनात झालेल्या चुकांचा असतो. तो वाढतो आणि खराब सेक्टरांचे (सेक्टर म्हणजे डिस्कवरील साठवणीचा लहान कप्पा) ५, १९७ व १९८ हे आकडे शून्यच राहतात, तेव्हा संशय आधी डिस्कला मदरबोर्डशी जोडणाऱ्या साटा केबलवर, मग वीजजोडणीच्या कनेक्टरवर आणि पॉवर सप्लायवर घ्यावा. पावसाळी, दमट हवेत कनेक्टरची टोके गंजणे आपल्या भागात नवलाचे नाही. १९७ हा आकडा मात्र वाचता न आलेल्या आणि निर्णयाच्या प्रतीक्षेत असलेल्या सेक्टरांचा असतो. याचा अर्थ असा की बाहेर फेकली गेलेली चौथी डिस्क बहुधा धडधाकट आहे आणि ॲरेत अजून टिकून असलेली दुसरी डिस्क खरी आजारी आहे. दुरुस्तीवाल्यांनी फक्त ॲरेची स्थिती पाहिली असेल, तर चौथी बदला असे सांगणे स्वाभाविक होते. पण त्या सल्ल्याने आपला संग्रह धोक्यात येईल.

त्याचे कारण रेड ५ च्या रचनेतच आहे. कोणत्याही तीन डिस्कवरील मजकुरावरून काढलेली पॅरिटी (हरवलेला मजकूर परत काढण्यासाठीचा हिशेब) उरलेल्या डिस्कवर ठेवली जाते आणि ती जबाबदारी आळीपाळीने सर्व डिस्कवर फिरते. एक डिस्क गेली तर उरलेल्या तिघींवरून तिचा मजकूर गणिताने परत काढता येतो, पण त्यासाठी तिघींचा प्रत्येक सेक्टर वाचता यावा लागतो. रीबिल्डमध्ये तिन्ही डिस्क पहिल्या सेक्टरपासून शेवटच्यापर्यंत, म्हणजे एकूण १२ टेराबाइट, वाचल्या जातात. सेकंदाला सरासरी १५० मेगाबाइट असा वेग धरला तरी ४ टेराबाइटच्या डिस्कला सात तासांहून अधिक वेळ लागतो आणि तेवढा वेळ आजारी डिस्कवर अखंड ताण राहतो. त्या ४८ सेक्टरांपैकी एखादा आडवा आला की दुसरी डिस्कही बाहेर फेकली जाण्याचा धोका आहे, आणि दोन डिस्कची उणीव रेड ५ ला भरून काढता येत नाही.

‘मग चौथीच परत जोडतो’ असेही आपल्या मनात येईल. चौथी डिस्क आठवडाभर मागे राहिली आहे. त्या काळात आपण स्कॅन केलेले काहीही तिच्यावर नाही. तिला बळजबरीने आत घेतल्यास जुना आणि नवा मजकूर एकमेकांत मिसळून फाइल व्यवस्थाच बिघडेल. सध्या ती काढून, वर तारीख लिहून बाजूला ठेवावी. तिच्यावरील काहीही पुसू नये, कारण दुसऱ्या डिस्कचे जे तुकडे मुळीच वाचता येणार नाहीत, त्या जागी आठवडाभरात काही लिहिले गेले नसेल तर तज्ज्ञाला तिचा उपयोग होऊ शकतो.

आणलेली नवी डिस्क दुसऱ्या डिस्कची नक्कल करण्यासाठी वापरावी. तिची क्षमता दुसरीइतकी किंवा जास्त असली पाहिजे. एका सेक्टरनेही कमी चालणार नाही. संगणक लिनक्सच्या पेनड्राइव्हवरून सुरू करावा, ॲरे सुरू होऊ देऊ नये, आणि ‘डीडीरेस्क्यू’ या प्रोग्रामने नक्कल करावी. हा प्रोग्राम आधी सहज वाचता येणारा भाग उचलतो आणि अवघड जागांकडे नंतर वळतो. कुठे काय राहिले याची नोंद तो नकाशा-फाइलीत ठेवतो. ती फाइल वेगळ्या पेनड्राइव्हवर साठवावी, म्हणजे मध्येच वीज गेली तरी काम राहिले तिथून पुढे सुरू करता येते. कोणत्या डिस्कवरून कोणत्या डिस्कवर नक्कल होणार हे ठरवताना संगणकाने डिस्कच्या नावात दिलेल्या अक्षरांवर विसंबू नये, कारण ती प्रत्येक वेळी बदलू शकतात. डिस्कवर चिकटवलेला अनुक्रमांक कागदावर उतरवून घ्यावा आणि तो दोनदा ताडून पाहावा. येथे दिशा चुकली तर परतीचा मार्ग उरत नाही. दुसऱ्या डिस्कमधून टकटक आवाज येऊ लागला, तर मात्र घरचे प्रयत्न ताबडतोब थांबवून ती डेटा रिकव्हरीच्या प्रयोगशाळेकडे न्यावी.

नक्कल झाल्यावर मूळ दुसरी डिस्क काढून ठेवावी. नक्कल आणि मूळ यांच्यावर ॲरेची ओळख सारखीच असते, म्हणून दोन्ही एकाच वेळी जोडू नयेत. नंतर पहिली, नक्कल आणि तिसरी या तिघींवर ॲरे ‘रीड ओन्ली’ (फक्त वाचण्यापुरता) पद्धतीने जोडावा आणि सर्व संग्रह एका बाह्य डिस्कवर उतरवून घ्यावा. लिनक्समधील ॲरे सांभाळणाऱ्या ‘एमडीॲडम’ प्रोग्रामने नकार दिला तरी ‘क्रिएट’ हा पर्याय वापरून ॲरे नव्याने बनवू नये. डिस्कचा क्रम किंवा मांडणी किंचित जरी चुकली तरी आहे तेही हाती लागत नाही. वाचता न आलेल्या जागी नक्कलेत शून्ये असतील, त्यामुळे काही फाइली बिघडलेल्या निघू शकतात. ध्वनिमुद्रणे ऐकून आणि कागद उघडून पाहावेत. हे सारे झाल्यावरच केबल बदलून चौथी डिस्क ‘स्मार्ट’च्या लांब चाचणीतून काढावी आणि उत्तीर्ण झाली तर ॲरेत सामील करून रीबिल्ड करावे.

दोन डिस्क एकाच वेळी कशा बिघडल्या, असे आपल्याला वाटत असेल. दुसरीवरचे खराब सेक्टर बहुधा जुनेच असावेत. जुने कागद कोणी उघडत नाही, म्हणून ते कळले नव्हते. यासाठी संपूर्ण ॲरे महिन्यातून एकदा वाचून तपासावा लागतो. डेबियन या लिनक्सच्या प्रकारात ही तपासणी दर महिन्याच्या पहिल्या रविवारी आपोआप होते, पण रात्री संगणक बंद असेल तर ती राहून जाते. शिवाय घरगुती डिस्क एका खराब सेक्टरशी मिनिटभरही झगडत बसतात, तर लिनक्स साधारणपणे ३० सेकंद वाट पाहते आणि ती डिस्क निकामी समजते. डिस्कमध्ये सोय असल्यास ‘स्मार्टसीटीएल’ या प्रोग्रामने डिस्कच्या झगडण्याची मर्यादा ७ सेकंदांवर आणावी; सोय नसल्यास लिनक्सची प्रतीक्षा १८० सेकंदांपर्यंत वाढवावी. आणि जंगलपट्टीत राहत असताना संगणकाला स्वतंत्र यूपीएस असलाच पाहिजे.

प्रश्न : माझ्याकडे दोन डिस्कचा ‘रेड १’ आहे, म्हणजे दोन्हींवर तोच मजकूर असतो. मुलाकडून लग्नाच्या फोटोंचे फोल्डर चुकून पुसले गेले आणि ते दोन्ही डिस्कवरून गेले. मग दोन डिस्क ठेवण्याचा उपयोग काय?
— एक वाचक, निपाणी

उत्तर : १९८८ मध्ये बर्कले येथील पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी रेडची कल्पना मांडली, ती अनेक स्वस्त डिस्क एकत्र वापरताना एखादी बिघडली तरी काम थांबू नये यासाठी. पुसण्याची आज्ञा दोन्ही डिस्कवर तत्क्षणी पाळली जाते, त्यामुळे रेड हा बॅकअप ठरत नाही. त्या डिस्कवर आता काहीही लिहू नका. फोटो परत मिळण्याची शक्यता त्यावरच अवलंबून आहे. पुढे एक प्रत बाह्य डिस्कवर घेऊन ती एरवी सुटी ठेवावी आणि दुसरी कोल्हापूरला किंवा बेळगावला, जिथे आपले नातेवाईक असतील तिथे ठेवावी. दर तीन-चार महिन्यांनी त्या प्रतीतून काही फाइली दुसऱ्या संगणकावर प्रत्यक्ष उघडून पाहाव्यात.