पहिल्या नंबरचा गार्ड आला तरी टीम हरतेच काहून?

प्रश्न : भाऊ, हरभऱ्याले पाणी देता देता सकाळी मोबाईलवर एनबीए (अमेरिकेची बास्केटबॉल लीग) पाहतो. हरणाऱ्या टीमनं ड्राफ्टमधी (नवे खेळाडू निवडतात तिथं) भारी गार्ड, म्हणजे बॉल घेऊन खेळ चालवणारा गडी, घेतला तरी हरणं चालूच. मंग पहिल्या वर्षी त्या पोट्ट्याकडून काय अपेक्षा ठेवाची? – एक वाचक, ता. दारव्हा

उत्तर : जिंकून देण्याची तर ठेवूच नका. डेट्रॉइट टीमचं पहा ना, २०२१ च्या ड्राफ्टमधी गार्ड केड कनिंगहॅम पहिल्या नंबरवर आला, रुकी म्हणजे पहिल्या सीझनमधी मॅचमागं सरासरी १७ च्या वर पॉईंट काढले तरी टीम ५९ मॅच हरली, पुढच्या वर्षी नडगीच्या दुखण्यानं तो १२ च मॅच खेळला, २०२३-२४ मधी तर लागोपाठ २८ हार अन् सीझनमधी १४ जीत, ६८ हार, अन् मंग २०२४-२५ ले ४४ जिंकून थेट प्लेऑफ (बाद फेरी)! तोच गार्ड बरं. म्हणून पहिल्याच वर्षी पोट्ट्याले 'फेल' म्हणणाऱ्यांचा मले लय राग येते.

गार्डचं काम सगळ्यात अवघड आहे. आपला उंच गडी येऊन स्क्रीन लावते (डिफेंडरच्या वाटेत आडवा उभा राहते), दोन डिफेंडर अंगावर येतात, अन् तेवढ्या पळभरात ठरवाचं का स्वतः घुसाचं, उंच गड्याले द्याचा, का पलीकडच्या कोपऱ्यात मोकळ्या उभ्या शूटरले. नव्या पोराले तो कोपरा दिसतच नाही, दिसला तरी उशिरा, अन् बॉल गेला. पोर्टलँड टीमचा गार्ड स्कूट हेंडरसन, त्याचे पहिल्या वर्षी मॅचमागं तीनच्या वर टर्नओव्हर (हातचा बॉल समोरच्या टीमले जाणं) होते.

तुम्ही सीझनच्या सुरुवातीची नोव्हेंबरची एक मॅच अन् शेवटाकडची मार्चची एक मॅच पहा, स्कोअर सोडा, त्या कोपऱ्यात पास किती वेळा अन् वेळेवर जाते तेवढं मोजा. वाढलं असन तर पोट्टं शिकून राहिलं, पहिल्या वर्षी अपेक्षा तेवढीच.