मानधनावर काम केलं, तरी ग्रॅच्युइटी मिळते

प्रश्न : मी ३० वर्षं अंगणवाडी सेविका होते. एप्रिल २०२४ मध्ये वयाच्या ६५व्या वर्षी निवृत्त झाले. शेवटचं मानधन १०,००० रुपये. एक लाखाचा एकरकमी लाभ मिळाला. ग्रॅच्युइटी मागितली, तर प्रकल्प कार्यालय म्हणतं, "तुम्ही मानसेवी, तुम्हाला ती बसत नाही. तसा जीआरही नाही." हे खरं आहे का?

उत्तर : नाही ताई, तुमचा हक्क जीआरवर अवलंबून नाही. तो १९७२च्या ग्रॅच्युइटी कायद्यातून येतो. २५ एप्रिल २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गुजरातमधल्या मणिबेन भारिया यांच्या खटल्यात सेविका आणि मदतनीस दोघींनाही हा कायदा लागू केला. हा निकाल देशभर बंधनकारक आहे. सरकारचं तिथलं म्हणणंही हेच होतं : काम अर्धवेळ, मोबदला मानधन. न्यायालयाने दोन्ही नाकारलं. कामाच्या बदल्यात मिळतं ते वेतनच, नाव काहीही द्या. आणि अर्धवेळ कसलं? मुलांची वजनं, गरम आहार, पूर्वप्राथमिक शिक्षण, गरोदर बायांच्या गृहभेटी, वर रजिस्टरं. २०१३च्या अन्नसुरक्षा कायद्याने सरकारवर टाकलेली जबाबदारी प्रत्यक्षात तुम्हीच पार पाडत होता. तुम्हाला असं परत पाठवलं, याचा मला खरोखर राग येतो.

हिशेब असा : शेवटचं मासिक वेतन गुणिले १५, भागिले २६, गुणिले सेवेची वर्षं. तुमचे साधारण १,७३,०७७ रुपये होतात. मिळालेला लाख यातून वजा करायचा प्रयत्न होईल. ती वेगळी योजना आहे, ग्रॅच्युइटी नव्हे, असं लेखी कळवा. वजावट मान्य झाली तरी ७३,००० वर रक्कम उरतेच. त्या निकालात १० टक्के सरळ व्याजही दिलं आहे, तेही मागा.

बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांच्या नावे नमुना 'आय'मध्ये अर्ज करा. नेमणुकीचा आदेश, निवृत्तीचं पत्र आणि मानधन जमा झालेलं पासबुक यांच्या प्रती जोडा. स्पीड पोस्टाने पाठवा, पावती जपा. उशीर झाला एवढ्यावरून दावा बाद होत नाही. अर्ज नसला तरी रक्कम ठरवणं मालकाचंच काम आहे. नकार आला किंवा उत्तरच आलं नाही, तर नमुना 'एन' भरून कामगार न्यायालयात जा. तिथे ९० दिवसांची मुदत असते, म्हणून उशिराचं कारण लिहा. कारण पटलं तर अर्ज घेतात. नोव्हेंबर २०२५मध्ये या कायद्याच्या जागी नवी सामाजिक सुरक्षा संहिता आली, पण तुमची निवृत्ती आधीची, म्हणून जुनाच कायदा लागू.

तुमच्या मदतनीस ताई निवृत्त झाल्या असतील, तर त्यांचाही अर्ज आत्ताच करून घ्या.