चाचणी नको ताई, चिंचोक्यांची वाटी ठेवा

ताई, तुमचे प्रश्न दोन: अंगणवाडीतल्या पंचवीसेक मुलांत मागे कोण पडतंय ते ओळखायचं कसं, आणि ओळखल्यावर त्या मुलांसाठी वेगळा वेळ काढायचा कुठून. शिवाय पालकांना पाटीवर अक्षरं हवी आहेत.

आधी एक करा, मुलाला समोर बसवून प्रश्न विचारणं सोडा. चार वर्षांचं मूल बुजलं की येत असलेलंही सांगत नाही. खेळता खेळता बघा. मूल एक ते वीस घडाघडा म्हणतं, आई खूश होते. त्याच मुलापुढे चिंचोक्यांची वाटी ठेवा आणि म्हणा, "मला पाच दे." एखादं मूल सरळ मूठभर उचलून देतं. दुसरं एकेक मोजत देतं, पण पाचावर थांबतच नाही. तिसरं बरोबर पाच देतं, मात्र तेच चिंचोके जरा लांब लांब मांडून "आता किती?" विचारलं की पुन्हा पहिल्यापासून मोजतं. पहिल्याला आकडे गाण्यासारखे पाठ आहेत, त्याच्याशी दोन आणि तीन वस्तूंचेच खेळ खेळा. दुसऱ्याला थांबायची सवय हवी: पाच उड्या मार आणि थांब, पाच टाळ्या वाजव आणि थांब. तिसऱ्याची काळजीच नको, या वयात तसंच होतं. लेखी चाचणीत या तिघांतला फरक दिसलाच नसता.

एक वही घाला, प्रत्येक मुलाला एक पान. रोज पाचच मुलांकडे नीट लक्ष द्या, आठवड्यात सगळी होतात. तारीख टाकून जे दिसलं तेच लिहा. "लक्ष नाही", "हुशार आहे" असले शेरे नकोत. "मणी ओवताना दोरा डाव्या हातात, तीन मणी ओवले, मग उठला" असं लिहा. दोन महिन्यांनी तेच पान उलटलं की मूल पुढे सरकलं का ते कळतं. तुलना त्याच्या स्वतःच्या मागच्या नोंदीशी करायची. आणि जन्मतारीख जरूर बघा! एकाच रांगेत बसलेल्या दोन मुलांत आठ-दहा महिन्यांचं अंतर असतं, या वयात ते फार मोठं. साधारण तिसऱ्या वर्षी गोल, चौथ्याच्या आसपास अधिकचं चिन्ह, पाचव्याच्या सुमारास चौकोन बघून काढता येतो. तीन वर्षांच्या मुलाकडून 'अ' गिरवून घेण्यात काही हशील नाही, हे पालकांना वहीच दाखवून सांगा.

तुम्ही लिहिलंय की एक मुलगी गोष्टीच्या वेळी गप्प बसते. तिला मंद ठरवण्याआधी दोन गोष्टी तपासा. तिच्या पाठीमागून हळू आवाजात हाक मारा. वळत नसेल, कान वाहत असेल, तर आधी कान दाखवायचे. दुसरं, घरी कोणती भाषा बोलतात? पावरी, कोरकू किंवा कातकरी बोलणाऱ्या घरातलं मूल आपल्या मराठीत गप्पच राहणार. तिच्या आईकडून दहा-पंधरा शब्द शिकून घ्या, पाणी, भूक, ये, बस एवढेच. मूल लवकर मोकळं होतं असा माझा अनुभव आहे.

जास्तीच्या मदतीला वेगळा तास लागत नाही. मदतनीस ताई बडबडगीतं घेत असताना दोन-तीन मुलांना पाच-सात मिनिटं जवळ घ्या. त्यात ते जमणारं एक मूल मुद्दाम ठेवा, म्हणजे "कच्च्या मुलांचा गट" असा शिक्का बसत नाही. मुलं एकमेकांचं बघून फार शिकतात. रोज थोडं करा, शनिवारी तासभर घेऊन उपयोग नाही.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा तपासणीला येतं. त्या दिवशी ती वही पुढे ठेवा, नुसतं वजन-उंचीवर भागवू देऊ नका. मात्र काही वेळा पथकाची वाट बघायची नाही: आधी बोलणारं मूल बोलेनासं झालं, तीन वर्षांचं होऊनही दोन शब्द जोडत नाही, नजर देत नाही, चालताना सारखं पडतं. अशा मुलाला लगेच ग्रामीण रुग्णालयात पाठवा. तिथून गरज पडली तर जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात, म्हणजे वाढीत मागे पडणाऱ्या मुलांना लवकर उपचार देणाऱ्या केंद्रात, पाठवतात. आईसोबत आशाताई जाईल असं बघा आणि वहीतल्या नोंदींची नक्कल सोबत द्या, कारण डॉक्टरांसमोर आईला नेमकं काय सांगायचं ते बहुतेक वेळा सुचत नाही.