माइल्डला काळा रंग कुठून आणू?

लेस्टरला राहता, जुन्या पद्धतीची माइल्ड एल ही इंग्लिश बीअर घरी करायची आहे आणि काळ्या रंगासाठी कुठला माल्ट (मोड आणून वाळवलेलं सातू) घालू, असं तुम्ही विचारलंय. आधी साल ठरवा. १८३०च्या दशकातली हवी असेल, तर काळं काहीच घालू नका.

आज माइल्ड म्हटली की तीन-साडेतीन टक्क्यांची काळपट, मवाळ बीअर समोर येते. त्या काळी मात्र माइल्ड म्हणजे नुसती ताजी, न मुरवलेली. कैरीचा तक्कू आणि बरणीतलं वर्षाचं लोणचं, तेवढाच फरक. महिनोन्‌महिने मुरलेली ती ‘ओल्ड’ किंवा ‘स्टेल’. लंडनच्या माइल्डची प्रत X या अक्षराच्या खुणांवर मोजत, एका एक्सपासून चारपर्यंत. आणि सगळ्यात हलकी, एका एक्सची, तीसुद्धा १.०७०च्या आसपासच्या ग्रॅव्हिटीला (आंबवण्याआधीच्या गोड रसाच्या घनतेला) सुरू व्हायची. म्हणजे साडेसहा टक्के अल्कोहोल सहज!

वीस लिटरला माझं माप: सव्वासहा किलो मॅरिस ऑटर पेल माल्ट (हा वाण विसाव्या शतकातला, पण चालतो), ११० ग्रॅम ईस्ट केंट गोल्डिंग्ज जातीचे हॉप्स (बीअरला कडवटपणा देणारी फुलं), ६६ अंशांवर तासभर मॅश (माल्ट गरम पाण्यात भिजवणं), कुठलंही इंग्लिश एल यीस्ट. रंग सोनेरी येतो. महिन्याभरात प्यायला काढा. माझ्या इंग्रज शेजाऱ्याने अर्धा ग्लास संपवून सांगितलं, छान आहे, पण ही माइल्ड नव्हे.

काळेपणा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आला. ब्रिटनचे पंतप्रधान ग्लॅडस्टन यांनी १८८०मध्ये माल्टवरचा कर काढून तो बीअरवर लावला आणि ब्रुअरांना कच्च्या मालाची मोकळीक मिळाली. पुढे पहिल्या महायुद्धात धान्य आखडलं, ग्रॅव्हिटी कोसळली, ती पुन्हा वर चढलीच नाही. ही धाकटी माइल्ड हवी असेल तर गडद इन्व्हर्ट साखर लागते: साखर, पाणी, चिमूटभर सायट्रिक ॲसिड, ११५ अंशांवर दोन-तीन तास. लाडवांच्या पाकाचा हात आहे म्हणून मी निर्धास्त होतो. पहिलं पातेलं जाळलं. मग गूळ घातला, तर बीअरला गुळपोळीचा वास.

ब्रिटनमध्ये घरच्यापुरती बीअर करायला १९६३पासून परवाना लागत नाही, फक्त विकायची नाही. कृती गावी मात्र पाठवू नका, महाराष्ट्रात १९४९चा दारूबंदी कायदा अजून लागू आहे.

आणि एकदा डडलीजवळच्या सेजलीला, बीकन हॉटेलात, सारा ह्यूज ब्रुअरीची डार्क रूबी माइल्ड पिऊन या. सहा टक्क्यांची, १९८७पासून पबच्या मागेच पुन्हा बनू लागलेली. काळी आणि कडक, दोन्ही एकाच ग्लासात. गाडी घरी ठेवा, बसने जा.