ब्राउनी कधीच उतरली, मग धडधड का राहिली?

अरे,

तुझा मेसेज दोनदा वाचला. ईसीजी झाला, टूडी इको झाली, थायरॉइड झालं, सगळे रिपोर्ट नॉर्मल, तरी तू मला विचारतोयस की हार्टचं काही राहून तर गेलं नसेल ना. याचं मला नवल वाटत नाही, ज्याला पॅनिक अटॅक येतात, म्हणजे अचानक छाती धडधडून मरणाची भीती वाटते, त्या माणसाला रिपोर्टने दोन दिवस बरं वाटतं आणि तिसऱ्या दिवशी परत शंका सुरू. पण गोव्यातली ती गांजा घातलेली ब्राउनी आणि नंतर फ्लॅटवर झोप यावी म्हणून रोज रात्रीचा जॉइंट, म्हणजे गांजाची सिगारेट, हे तू एकाही डॉक्टरला सांगितलं नाहीस. मग त्यांनी तरी काय शोधायचं रे?

खाल्लेला गांजा ओढल्यासारखा लगेच चढत नाही. अर्धा तास लागतो, कधी दोन तास, आणि तेवढ्यात ‘काहीच होत नाहीये’ म्हणून माणूस दुसरा तुकडा तोंडात टाकतो, तूही टाकलास, मग दोन्ही एकदम अंगावर येतात. टीएचसी, म्हणजे गांजातलं नशा आणणारं द्रव्य, थोडं असलं तर बऱ्याच जणांना निवांत वाटतं, तेच जास्त झालं की भीती वाटायला लागते, आणि ठोके मिनिटाला वीस ते पन्नासने वाढू शकतात. होळीला भांग पिऊन ‘मी चाललो, मुलांना बोलवा’ म्हणणारा एखादा काका बहुतेक घरांत असतो, आपण त्याच्यावर वर्षभर हसतो, पण तो बिचारा त्या वेळी खरंच मरणाला भ्यालेला असतो. आणि ‘नॅचरल आहे, पूर्वीपासून लोक ओढतात’ हे मला सांगू नकोस. अमेरिकेत जप्त झालेल्या मालात १९९५ च्या सुमारास टीएचसी साधारण ४ टक्के होतं, २०१४ पर्यंत ते १२ टक्क्यांच्या आसपास गेलं.

आता बहुतेकांचं काय होतं, उतरते, झोपतात, सकाळी पोहे खातात, विषय संपला. तुझ्यासारख्या काही जणांचा संपत नाही, कारण त्या रात्री डोक्याने एक गोष्ट पक्की धरली की ठोके वाढले म्हणजे जीव धोक्यात. डेव्हिड क्लार्क नावाच्या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने १९८६ मध्ये हे चक्र फार नीट मांडलं: शरीरात काहीतरी जाणवतं, आपण त्याचा भयंकर अर्थ लावतो, त्या भीतीने ठोके अजून वाढतात, मग तो अर्थ खराच वाटायला लागतो. यात गांजा लागतच नाही. जिना चढलास, कॉफी प्यायलास, मेट्रोत गर्दी झाली, एवढं पुरतं. म्हणून तू जिना सोडलास, जिम सोडलीस, आता ऑफिसलाही कुणीतरी सोबत असेल तरच जातोस. पॅनिक अटॅक स्वतः दहा मिनिटांत टोकाला जाऊन ओसरायला लागतो, पण पुढचा कधी येईल या धास्तीत महिनाच्या महिना गेला आणि त्यापायी जगणं आखडलं की त्याला पॅनिक डिसऑर्डर म्हणतात. माझ्या मते तुझं निम्मं नुकसान या टाळाटाळीने झालंय.

मग गांजानेच झालं का? खरं सांगायचं तर एवढं सरळ कुणी सांगू शकणार नाही. हा आजार तसाही बहुतेकदा विशीच्या आगेमागेच सुरू होतो, म्हणजे पोरं नशा करून बघतात त्याच वयात, आणि घराण्यातही चालतो, तुझ्या मावशीला लग्नकार्यात जे ‘बीपीचं’ व्हायचं ते आईला एकदा नीट विचार. डॉक्टर साधारण असं बघतात की नशा पूर्ण थांबवून महिनाभर झाला तरी अटॅक येतायत का. हे कळायला आधी पूर्ण थांबवावं लागतं, ‘वीकेंडलाच’ वगैरे चालत नाही.

थांबवल्यावर पहिला आठवडा वाईट जाईल. झोप उडेल, चिडचिड होईल, घाबरल्यासारखं वाटेल, आणि तुला वाटेल बघा, गांजाच बरा होता. ती विथड्रॉवल आहे, म्हणजे नशा सुटतानाचा त्रास, साधारण दोन आठवड्यांत बरीच ओसरते. त्या दिवसांत बिअरने शांत व्हायला जाऊ नकोस, दारू उतरताना घबराट दामदुपटीने परत येते. रूममेटची अल्प्राझोलमची, म्हणजे घबराट शमवणाऱ्या गोळ्यांची, पट्टी तर त्याला परत दे, पटकन बरं वाटतं म्हणूनच तिची सवय लागते. आधीच रोज घेत असशील तर मात्र एकदम बंद करू नकोस, डॉक्टरांना विचारून कमी कर. आणि तो जो मित्र म्हणतोय की परत एकदा थोडंसं घेऊन भीती मोडून टाक, त्याला माझ्याकडे पाठव!

एमडीचा, म्हणजे मेफेड्रोन या नशेच्या पावडरीचा, विषय तू ओझरता काढलास म्हणून सांगतो. एमडी किंवा कोकेननंतर छातीत दुखलं तर ‘पॅनिकच असेल’ म्हणत घरी बसायचं नाही, सरळ कॅज्युअल्टीत जायचं आणि काय घेतलंय ते सांगायचं. तिथे हृदयाला खरंच धोका असतो.

आता सायकियाट्रिस्टकडे जा. सीबीटी, म्हणजे विचार आणि वागण्याच्या सवयी बदलणारी बोलण्यातून होणारी थेरपी, नीट केली तर या आजारावर चांगली चालते, त्यात ते तुला मुद्दाम खुर्चीत गरगर फिरवतील, जागेवर पळायला लावतील, ठोके वाढवतील, म्हणजे वाढलेल्या ठोक्यांनी काही होत नाही हे अंगाला कळतं. गोळी लागली तर एसएसआरआय या गटातली, डिप्रेशन आणि घबराटीवर देतात ती, देतील, पहिले काही दिवस त्यानेही अस्वस्थ वाटू शकतं, गुण यायला चार-सहा आठवडे लागतात, तर पाचव्या दिवशी सोडून देऊ नकोस. गांजाचं सांगितलं तर पोलिसात जाईल ही भीती काढून टाक, २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने तुझी माहिती गुप्त ठेवणं त्यांच्यावर बंधनकारक आहे. अपॉइंटमेंट मिळेपर्यंत रात्री फारच झालं तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६ वर फोन लाव, फुकट आहे, मराठीतही बोलता येतं.

आईला आत्ताच सगळं सांगायचं की नाही ते तू ठरव, मी दोन्हीकडून तुझ्या बाजूने आहे. अपॉइंटमेंटची तारीख मात्र मला कळव, पहिल्या दिवशी सोबत लागली तर येतो, आत तू एकटा जायचं.

तुझा,
दादा