वाजवतंय कोण, ते आधी सांग

पोरी,

तुझा मेसेज वाचला. ‘काका, न्युयोरिकन सोल हा अल्बम सगळा ऐकला. यात हाऊस, म्हणजे क्लबात नाचायचं मशीनच्या ठोक्यावरचं संगीत, कुठंय? ड्रॉप येतच नाही. सगळे क्लासिक म्हणतात, मग माझ्याच कानात बिघाड आहे का?’ कानांना काही झालेलं नाही. हा अल्बम कसा ऐकायचा म्हणून विचारलंस, तर माझ्याकडे युक्ती वगैरे काही नाही. एक प्रश्न आहे, तो प्रत्येक गाण्याला विचार. वाजवतंय कोण?

ड्रॉपची, म्हणजे ताण वाढवून ठोका एकदम कोसळतो त्या क्षणाची, वाट बघत बसलीस म्हणून अख्खा अल्बम कोरडा गेला. तेवढ्या वेळात तिथे काय काय घडून गेलं!

थोडं मागे जाऊ. 1979 च्या जुलैत शिकागोच्या कोमिस्की पार्कात, बेसबॉलच्या दोन सामन्यांच्या मधल्या वेळात, लोकांनी आणलेल्या डिस्कोच्या तबकड्यांचा ढीग स्फोटकं लावून उडवला. टाळ्या पिटत उडवला. रेकॉर्ड कंपन्यांनीही डिस्कोवरचा हात आखडता घेतला, आणि त्या गाण्यांमागे बसणारा व्हायोलिनचा आणि ब्रासचा ताफा कोणाला परवडेना. त्याच शहरात वेअरहाऊस नावाच्या क्लबात डीजे फ्रँकी नकल्स डिस्कोचीच गाणी ताणून, खाली मशीनचा ठोका घालून लोकांना नाचवत होता. पुढे पोरांनी घरी बसून रोलंडच्या ड्रम मशीनवर स्वतःचे ट्रॅक केले. म्हणजे हाऊस वाढलं ते वादकांच्या रिकाम्या खुर्च्यांसमोर. गरज होती, पैसा नव्हता. त्याबद्दल माझी तक्रार नाही.

आता 1997 ला ये. न्यूयॉर्कचे लुई वेगा आणि केनी ‘डोप’ गोन्झालेझ, दोघं मिळून मास्टर्स ॲट वर्क. दोघेही पोर्तो रिकन घरांतले. वेगा ब्राँक्सचा, साल्सा गायक एक्तोर लाव्हो याचा सख्खा भाचा. केनी ब्रुकलिनचा, हिप-हॉपमध्ये मुरलेला. एसपी-1200 या सॅम्पलर मशीनवर ड्रम बसवावेत तर त्यानेच. क्लबात त्यांच्या रीमिक्सचा दबदबा होता. जुन्या तबकड्यांतले चार-चार सेकंद कापून त्यांनी हा अल्बम सहज उरकला असता. त्यांनी काय केलं, तर ज्यांच्या तबकड्या कापायच्या त्या माणसांनाच स्टुडिओत बोलावलं. टिंबालेवर, म्हणजे साल्सातल्या काठीने वाजवायच्या ड्रमच्या जोडीवर, टिटो पुएन्ते. गिटारवर जॉर्ज बेन्सन. व्हायब्राफोनवर रॉय एअर्स, तेही स्वतःचंच सत्तरच्या दशकातलं ‘स्वीट टियर्स’ पुन्हा घेऊन.

‘रनअवे’ लाव. हे मूळ 1977 चं, साल्सोल ऑर्केस्ट्राचं, आवाज लोलिएटा हॉलोवेचा, रचना व्हिन्सेंट मोंटाना यांची. वीस वर्षांनी गायला इंडिया नावाची गायिका आली आणि व्हायब्राफोनवर हे मोंटानाबुवाही हजर! पहिल्यांदा ऐकताना इंडियाकडे बघू नकोस, ती लक्ष वेधून घेणारच. व्हायब्राफोन शोध. धातूच्या पट्ट्या, खाली नळ्या, नळ्यांच्या तोंडाशी मोटरवर फिरणाऱ्या चकत्या. त्यामुळे सूर हलतो, लाटेसारखा उठतो आणि बसतो. पायाखाली पेडल असतं. ते सोडलं की सूर तिथल्या तिथे मिटतो. सूर कुठे मिटवायचा हे वाजवणारा ठरवतो. तुझ्या लॅपटॉपमध्ये व्हायब्राफोनचा आवाज आहे, तो पाय नाही.

हेच तुला सारखं सांगतोय. वाजवतंय कोण?

‘एकच एक चालू राहतं’ असंही लिहिलंयस. अगं, तबल्याच्या सोलोला तू तास-दीड तास बसतेस, मागे तोच लहरा फिरत असतो, तेव्हा कधी कंटाळलीस? लहरा, ती एकच धून, फिरते म्हणूनच पेशकार, सोलोची ती सुरुवातीची रचना, कुठे वळला ते कळतं. इथेही बास आणि ठोका फिरत राहणार. त्यावर बेन्सन गिटारच्या बोटाबरोबर तोच सूर गळ्यातून काढतो, आधी बोट की आधी गळा ते सांगता येत नाही. तू बघत होतीस ठोका कधी बदलतो.

आणि हो, हे हाऊस आहे का? याच अल्बमवरचा ‘द नर्व्हस ट्रॅक’ आधी 1993 ला निघालेला, त्यात हाऊसचा तो सरळ चार ठोक्यांचा किक, म्हणजे मोठ्या ड्रमचा ठोका, तोसुद्धा नाही, तो मोडत मोडत चालतो. खात्याची पाटी लावायची हौस असेल तर लाव. मला त्यात रस नाही.

तुला वाटेल काका उगाच ताणतोय. मी ताणतो. नव्वदीच्या सुरुवातीला मुंबईच्या एका स्टुडिओत मी असिस्टंट होतो. लावणीची कॅसेट होती आणि निर्मात्याला ढोलकी कीबोर्डवर हवी होती. मी अडून बसलो. शेवटी ढोलकीवाला आला, डाव्या तोंडावर तळवा दाबून त्याने असा घुमार काढला की काचेपलीकडचे गप्प झाले. कॅसेट खपली. इनलेवर, कॅसेटच्या आतल्या कागदावर, त्याचं नाव नव्हतं. मी लिहून दिलेल्या यादीतून ते जागेअभावी उडालं म्हणे. पुढच्या कामाला मला बोलावलं नाही. हट्टी आहे, वेळ खातो, असं पसरलं. पसरू दे. आज तो ट्रॅक लावला की लोक ढोलकीवरच मान हलवतात, आणि मी बरोबर होतो हे इतक्या वर्षांनी तुला लिहायला मला अजिबात संकोच वाटत नाही. त्या माणसाचं नाव छापलं गेलं नाही, ती रुखरुख मात्र जात नाही.

जोसलिन ब्राऊनचंच बघ ना. ‘आय’व्ह गॉट द पॉवर’ ही आरोळी 1990 साली जगभर घुमली, स्नॅप या ग्रुपच्या गाण्यात. ती ओळ जोसलिनच्या आधीच्या गाण्यातून उचललेली. आवाज सगळ्यांना पाठ, बाईचं नाव कितीजणांना? या अल्बमवर तिला नावानिशी गाताना ऐक, ‘आय ॲम द ब्लॅक गोल्ड ऑफ द सन’मध्ये. मूळ रोटरी कनेक्शन या बँडचं, 1971 चं, चार्ल्स स्टेपनीची मांडणी. दोन्ही पाठोपाठ ऐक. फोनवर नको, बाबांचे जुने स्पीकर आहेत ना घरी? ते काढ, धूळ पूस. आणि गाणं पुढे ढकलायचं नाही.

ऐकून झालं की मला ‘भारी वाटलं’ असं लिहू नकोस, राग येतो. कोणत्या गाण्यात कोण वाजवतंय आणि तू कशावरून ओळखलंस, एवढं लिही.

तुझा नवा ट्रॅकही ऐकला. सुरुवात चांगली आहे, बास फार मोठा. त्यातला ढोलकीचा लूप कुठून घेतलास? तयार लूपच्या विकतच्या पॅकमध्ये वाजवणाऱ्याचं नाव असेल तर कळव. नसेल तर तो काढून टाक. पाडव्याच्या सुमाराला नारायणगावात तमाशाच्या राहुट्या लागतात, पुण्याहून एसटीने जाता येतं. मायक्रोफोन माझा ने, पण केबल तुझी आण.

— काका